खाली इंधन, वर स्ट्रेचर

मी हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो, आता रिटायर होऊन बडोद्यात दांडिया बाजारातल्या वडिलांच्या घरात राहतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हवाई दलाचं पहिलं सी-२९५ मालवाहू विमान आमच्या गावात उतरलं तेव्हापासून नात्यातलं प्रत्येक पोरगं मला विमानांबद्दल काहीतरी विचारत असतं, जसं काही मी पायलटच होतो. मी विमानात स्ट्रेचरच्या कडेला उभा राहणारा माणूस. पण भाच्याचा परवाचा प्रश्न नेमका माझ्या खात्यातला निघाला. त्याने कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकन हवाई दल हवेत इंधन भरणाऱ्या टँकर विमानातून जखमी सैनिकांना घरी नेतं. म्हणाला, "मामा, हे म्हणजे इंडियन ऑइलच्या टँकरवर खाट टाकून पेशंट नेल्यासारखं झालं की!"

हसलो मी. पण उत्तर दोन वाक्यात देता येईना, कारण आधी आमचं काम कसं चालायचं ते कळल्याशिवाय टँकरची गंमत कळत नाही. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

१९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, मी उत्तरेत पोस्टेड होतो. लोकांना वाटतं जखमींसाठी एक वेगळं पांढरं विमान असतं, त्यावर लाल क्रॉस काढलेला असतो, आत सगळं हॉस्पिटलसारखं. आमच्याकडे एएन-३२ हे मालवाहू विमान होतं. सकाळी तेच विमान चंडीगडहून रसद, दारूगोळा, कधी माणसं घेऊन लेहला चढायचं, तिथं रिकामं झालं की त्याच्याच पोटात स्ट्रेचरचे पट्टे टांगायचे आणि खाली येताना आम्ही पेशंट आणायचो. परतीच्या फेरीत जागा रिकामी असते, ती वाया का घालवायची, एवढं साधं लॉजिक. एएन-३२ मध्ये पूर्ण भरलं तर २४ स्ट्रेचर आणि तीन मेडिकलवाले बसतात, पण २४ चा आकडा कागदावरचा, सिरीयस पेशंट असले की त्यांच्या सामानालाच दोन-दोन स्ट्रेचरची जागा लागते.

आता खरं काम विमानात नसतं, ते आदल्या रात्री असतं. हॉस्पिटलकडून यादी यायची, कोण झोपून जाणार, कोण बसून, कोणाला ऑक्सिजन, कोणाला सक्शन, म्हणजे घशातला कफ-रक्त ओढून काढायचं मशीन. मग फ्लाइटचे डॉक्टरसाहेब एकेका पेशंटपाशी उभे राहून ठरवायचे की हा उडायला फिट आहे का. हिमोग्लोबिन किती, छातीत हवा तर अडकलेली नाही, पोटाचं ऑपरेशन नुकतं झालंय का, डोळ्याला मार आहे का. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात जिथं जिथं हवा अडकलीय ती फुगते. केबिन ८,००० फुटांच्या दाबावर असेल तर समुद्रसपाटीला असलेली हवा तिथं साधारण एक तृतीयांशाने जास्त जागा घेते. फुफ्फुसाबाहेर थोडी हवा असलेला माणूस खाली बरा दिसतो, वर गेल्यावर श्वासच लागतो त्याला. म्हणून छातीत नळी टाकल्याशिवाय असा पेशंट विमानात चढवायचाच नाही, नळी क्लॅम्प करून तर अजिबात नाही. श्वासनलिकेत ट्यूब असेल तर तिच्या टोकाच्या फुग्यात हवेऐवजी सलाईन भरायचं, कारण पाणी फुगत नाही. नवीन प्लास्टर असेल तर ते उभं चिरून ठेवायचं म्हणजे आतला पाय सुजला तरी रक्त अडत नाही. सलाईनची काचेची बाटली नको, प्लास्टिकची पिशवी हवी, ती दाबून चालवता येते आणि फुटत नाही.

ही झाली पुस्तकातली गोष्ट. लेहला ती बरीचशी उलटी चालायची, आणि हे मला तिथं गेल्यावर कळलं, क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. लेहचा रनवेच मुळी १०,६०० फुटांच्या वर आहे. म्हणजे पेशंट जमिनीवरच असा उंचीवर पडलेला, विमान कितीही वर गेलं तरी केबिनमधला दाब लेहच्या हवेपेक्षा फार वाईट होत नाही, आणि उतरायचंय कुठं तर चंडीगडला, हजारेक फुटांवर. त्यामुळे आमच्याकडे हवा फुगायची नाही, आकसायची. वर भरलेली एअर स्प्लिंट, म्हणजे मोडलेल्या पायाभोवतीचं हवेने फुगवलेलं आवरण, खाली येताना ढिली पडते आणि मोडलेला पाय आत हलायला लागतो. ट्यूबच्या फुग्यात चुकून हवाच ठेवली असेल तर तो बसतो आणि बाजूने लीक सुरू. आणि कान. शुद्धीवरचा माणूस आवंढा गिळतो, आम्ही गोळ्या-चॉकलेट वाटायचो, पण बेशुद्ध माणसाला कोण सांगणार गिळ म्हणून. त्यामुळे पायलटला आधी सांगून ठेवायचं की साहेब, आज उतरताना हळू.

ऑक्सिजनचा हिशोब तर मी आजही झोपेत करीन. आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर म्हणजे साधारण १,५०० लिटर. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तासाला ६००, म्हणजे एक सिलिंडर अडीच तास. फ्लाइट तासाभराची असली तरी ॲम्ब्युलन्समधला वेळ धरायचा, टरमॅकवर थांबायचा वेळ धरायचा, हवामान बिघडून विमान दुसरीकडे वळलं तर तो वेळ धरायचा, आणि मग आलेल्या आकड्याच्या दुप्पट न्यायचं. लेहला दुपारी वारं सुटतं, हवा तापून विरळ होते, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकायची, आणि सकाळची वेळ हुकली की पेशंट तिथंच राहिला, हे प्रेशर डोक्यावर असायचं ते वेगळं.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्या लोकांना सुचतच नाही, ती म्हणजे खिसे तपासणं. पुढच्या ठाण्यावरून हेलिकॉप्टरने थेट आलेल्या जवानाच्या अंगावर कधी काडतुसं असायची. त्याला स्वतःलाही आठवत नाही, तो शुद्धीत कुठं असतो. हॉस्पिटलमध्ये एकदा बघितलेलं असलं तरी विमानात चढवण्याआधी आम्ही ब्लँकेटखाली हात घालून परत बघायचो. आमचे सार्जंट म्हणायचे, "पहले जेब, फिर नब्ज." आधी जिवंत दारूगोळा शोधा, मग पेशंट जिवंत आहे का बघा. ऐकायला क्रूर वाटतं पण विमानात सगळ्यांचाच प्रश्न असतो.

चढवताना क्रम ठरलेला. सगळ्यात सिरीयस पेशंट शेवटी चढवायचा, म्हणजे तो पहिला उतरतो. स्ट्रेचर तीन मजली लागतात, ज्याच्याकडे सारखं बघावं लागणार तो मधल्या मजल्यावर, माझ्या कमरेच्या उंचीला, आणि जड प्लास्टरवाला खाली. एएन-३२ चा मागचा रॅम्प जमिनीला टेकतो, ॲम्ब्युलन्स पाठीमागून थेट लावता येते, चार माणसांत स्ट्रेचर आत. हा रॅम्प लक्षात ठेवा, टँकरच्या भानगडीत तो परत येणार आहे.

आणि मग आवाज. दोन टर्बोप्रॉप इंजिनं डोक्याशी. स्टेथोस्कोप गळ्यात असतो पण ऐकू शून्य येतं, बीपी घ्यायचं तर कफ फुगवून मनगटावर बोट ठेवायचं आणि नाडी परत लागली तो आकडा, वरचा एवढाच, खालचा विसरा. रंग बघायचा तर उजेड नाही, ओठ निळे पडले की काय ते टॉर्च मारून बघायचं. सक्शन पायाने चालवायचं मशीन होतं, तेच सगळ्यात भरवशाचं, त्याला वीज लागत नाही. एकदा वरच्या मजल्यावरचा एक पोरगा माझी बाही धरून काहीतरी ओरडत होता, मी हिंदीत विचारतोय, तो काही बोलतोय, शेवटी कान त्याच्या तोंडाशी नेला तर अस्सल कोल्हापुरी, "दादा, माझ्या शेजारचा आलाय का ह्याच इमानात?" मी मराठीत "आलाय, मागं हाय" म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की विचारू नका. शेजारचा खरंच आलेला होता, यादीत दोघं लागोपाठ होते. चंडीगडला दोघांनाही चंडीमंदिरच्या कमांड हॉस्पिटलच्या गाड्यांत चढवलं आणि आमचं विमान परत रेशन भरायला लागलं.

तर भाच्याला मी म्हटलं, अरे, विमान कोणतं हा प्रश्नच दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, आज कोणतं विमान त्या दिशेनं रिकामं जातंय. बाकीचं हॉस्पिटल आपण बरोबर नेतो, उचलून.

अमेरिकन लोक नेमके ह्याच लॉजिकने टँकरपर्यंत आले. त्यांच्याकडे पूर्वी खास पेशंटसाठीचं विमान होतं, सी-९ नाइटिंगेल, १९६८ पासून, डीसी-९ ह्या प्रवासी विमानावरून बनवलेलं. ते २००५ पर्यंत त्या कामातून गेलं, लांब पल्ल्याचं सी-१४१ पण २००६ मध्ये रिटायर झालं. इकडे इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी येतच होते, जर्मनीतल्या लांडस्टुलच्या लष्करी हॉस्पिटलात जमा होत होते, तिथून अटलांटिक ओलांडून घरी न्यायचे होते. सी-१७ हे मोठं मालवाहू विमान होतं पण ते सगळ्यांनाच हवं असतं, दारूगोळ्याला, गाड्यांना, पाहुण्यांना. मग त्यांनी केसी-१३५ कडे बघितलं. १९५७ पासून सेवेत असलेलं चार इंजिनांचं टँकर, संख्येने शेकड्यांनी, जगभर फिरत असतं आणि त्याचा वरचा मजला बऱ्याचदा रिकामाच.

इथेच भाच्याच्या खाटेचं उत्तर आहे. केसी-१३५ मध्ये इंधन पंखांत आणि फरशीखालच्या टाक्यांत असतं. वरचा मजला मोकळा, प्रेशराइज्ड. आणि आपण ज्या विमानाने मुंबई-दिल्ली जातो त्याच्याही पंखात आणि बहुतेकदा पोटातही इंधन असतंच की, तिथं कोणी विचारत नाही आग लागेल का म्हणून. प्रश्न आगीचा नाही, प्रश्न जागेचा आहे. आपलं टँकर म्हणजे इल्युशिन-७८, २००३ पासून आग्र्याला आहेत, सहा. एकदा आग्र्याला टेम्पररी ड्युटीवर असताना त्याच्या आत डोकावायला मिळालं. ते मूळ इल्युशिन-७६ ह्या मालवाहू विमानाचंच भावंड, बाहेरून तसंच, पण आत जिथं मी डोळ्यासमोर स्ट्रेचर मांडले असते तिथंच इंधनाच्या भल्यामोठ्या नळकांड्यासारख्या टाक्या. टाक्या काढल्या तर ते परत मालवाहू होईल, पण मग ते टँकर राहिलं कुठं. म्हणून आपल्याकडे टँकरमधून पेशंट हा विषय निघाला नाही, आणि इल्युशिन-७६, सी-१३०, सी-१७ ही मालवाहू विमानं असताना काढायची गरजही नव्हती.

केसी-१३५ आरामदायक आहे असं मात्र कोणी समजू नये. त्याला मागे रॅम्प नाही. माल चढवायचा दरवाजा डाव्या बाजूला, पुढे, आणि जमिनीपासून चांगला उंच. म्हणजे स्ट्रेचर हातात घेऊन चालत आत जायचं नाही, उंच उचलणारा लोडर ट्रक पाहिजे, त्यावर पेशंट ठेवून लिफ्टसारखं वर न्यायचं. पावसात, वाऱ्यात, ड्रिप लावलेला माणूस दोन माणसांच्या उंचीवर उघड्या प्लॅटफॉर्मवर, मला तर नुसतं कल्पनेनेच पोटात गोळा येतो. आत उजेड कमी, फरशी बर्फासारखी गार, खिडक्या नावाला, आवाज भरपूर. विमानात पेशंटला द्यायचा ऑक्सिजन नाही, आणि विमानाची वीज ४०० हर्ट्झची, हॉस्पिटलची मशिनं तिच्यावर चालत नाहीत, मध्ये कन्व्हर्टर लागतो.

मग त्यांनी केलं काय, तर आपण पट्टे टांगायचो तसं पण खूप नीट. मालाच्या स्टँडर्ड पॅलेटवर, म्हणजे माल ठेवून विमानात ढकलायच्या सपाट पाटावर, स्ट्रेचरचा सांगाडा बसवला, एका पॅलेटवर सहा स्ट्रेचर किंवा थोड्या खुर्च्या आणि थोडे स्ट्रेचर. तो पॅलेट जमिनीवर तयार होतो, विमानात ढकलला की फरशीच्या कड्यांत लॉक. ऑक्सिजनसाठी द्रवरूप ऑक्सिजनचं छोटं युनिट बरोबर, एक लिटर द्रवाचा ८०० लिटरच्या वर गॅस होतो, म्हणजे माझ्या बी टाइप सिलिंडरच्या निम्म्याहून जास्त एका लिटरमध्ये, हे वाचून मला माझे सिलिंडर उचलून उचलून दुखलेले खांदे आठवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीम. दोन फ्लाइट नर्स, तीन टेक्निशियन ही त्यांची नेहमीची क्रू, आणि पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर वेगळी तिघांची टीम, डॉक्टर, क्रिटिकल केअर नर्स आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे व्हेंटिलेटर सांभाळणारा. ही मंडळी एकाच विमानाला बांधलेली नाहीत, सी-१७ असो, सी-१३० असो की टँकर, कशातही त्यांनी आपलं दुकान मांडायचं. त्यांचं नवीन टँकर केसी-४६, त्यात २४ स्ट्रेचर आणि शिवाय बसणारे पेशंट नेता येतात, उजेड, तापमान, वीज ह्या गोष्टी त्यात सुरुवातीपासूनच धरल्या आहेत.

युरोपवाले तर पुढे गेले. फ्रेंचांनी त्यांच्या सी-१३५ टँकरसाठी, म्हणजे केसी-१३५ च्याच भावंडासाठी, मॉर्फे नावाचं आयसीयू मॉड्यूल केलं आणि २००८ मध्ये पहिल्यांदा वापरलं. पुढे तेच त्यांच्या एअरबस ए-३३० टँकरमध्ये बसवलं, आणि १८ मार्च २०२० ला लढाईतल्या जखमींसाठी केलेल्या ह्याच मॉड्यूलमधून कोविडचे सहा पेशंट पूर्व फ्रान्समधल्या म्यूलूजहून दक्षिण फ्रान्सला नेले, कारण म्यूलूजच्या आयसीयूत जागाच उरली नव्हती. जर्मनांचं ए-३१० पण टँकर होऊ शकणारं विमान होतं, हॉस्पिटल केलं की ४४ पेशंट, त्यातले सहा आयसीयूचे, तेही त्याच महिन्यात इटलीतल्या बर्गामोहून पेशंट घेऊन कोलोनला आलं. ए-३३० टँकरची खुबी ही की त्याचं १११ टन इंधन सगळं मूळच्याच टाक्यांत मावतं, जादा टाकी एकही नाही, म्हणजे वरची अख्खी केबिन मोकळी. हे विमान आपल्या हवाई दलाने दोनदा पसंत केलं होतं आणि दोन्ही वेळा पैशाच्या आणि कागदांच्या घोळात सौदा बारगळला. त्यावर न बोललेलं बरं.

भाच्याने मग अजून एक चांगला प्रश्न टाकला, की टँकरवर लाल क्रॉस काढतात का. नाही काढता येत. जिनिव्हा कराराप्रमाणे ते चिन्ह आणि त्याबरोबरचं संरक्षण फक्त जखमी आणि मेडिकल कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या विमानाला असतं. काल ज्याने फायटरला इंधन दिलं आणि उद्या परत देणार ते विमान शत्रूच्या दृष्टीने टार्गेटच. आमचं एएन-३२ सुद्धा त्याच हिशोबात, सकाळी दारूगोळा नेणाऱ्यावर कसला क्रॉस. म्हणून टँकर पुढच्या धावपट्टीवर जखमी उचलायला जात नाही, हेलिकॉप्टर आणि छोटी विमानं आधी माणसाला मागच्या मोठ्या हॉस्पिटलात आणतात, तिथं तो स्थिर होतो, मग पुढचा आठ-नऊ तासांचा लांबचा टप्पा टँकरचा. म्हणजे टँकरमध्ये आलेल्या पेशंटचा जीव आधीच दोन-तीन ठिकाणी कोणीतरी वाचवलेला असतो, टँकरच्या क्रूने तो वाटेत सांभाळायचा.

मार्च २०२५ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने एका खासगी कंपनीशी एक केसी-१३५ भाड्याने घ्यायचा करार केला, त्यांच्याच क्रूसकट, आपल्या पायलटांना हवेत इंधन घ्यायचा सराव व्हावा म्हणून. त्याचा पेशंटशी संबंध नाही, भाड्याच्या गाडीत आपण रॅक ठोकत नाही. पण पुढेमागे स्वतःची नवीन टँकर घेतली जातील तेव्हा त्या ऑर्डरच्या कागदात स्ट्रेचरचे पॅलेट, ऑक्सिजनची सोय आणि योग्य वीज ह्या ओळी पहिल्याच दिवशी असाव्यात असं माझं मत आहे, नंतर बसवायचं म्हटलं की दहा वर्षं फाइल फिरते. विमानाच्या किमतीपुढे हे पैसे म्हणजे शेव-उसळीवरचा कांदा.

सी-२९५ बद्दल मात्र मी खूश आहे. त्यात २४ स्ट्रेचर लागतात, मागे रॅम्प आहे, आणि ५६ पैकी ४० विमानं इथंच आमच्या बडोद्यात बनायची आहेत, त्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. भाचा म्हणतो एखाद्या एअर शोला आत बघायला मिळालं तर मामा तुम्हाला नेतो. मिळालं तर मी कॉकपिटकडे जाणार नाही हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. मी विचारणार, मधल्या मजल्याचा स्ट्रेचर जमिनीपासून किती उंच येतो, सक्शनचा प्लग कुठे लागतो, आणि रात्री पांढरा दिवा लावला तर पायलट ओरडतात का.